रॉय बॅटीचे बेचाळीस शब्द

जानेवारी १९८५. लंडनच्या दक्षिणेकडे टेरी बर्न्स नावाच्या माणसाच्या अंत्यसंस्काराला गुलाबांचा एक गुच्छ येऊन पोचला. टेरी हा गायक डेव्हिड बोवीचा थोरला भाऊ. आई एक, वडील वेगळे. जॅझ संगीताची आणि बंडखोर अमेरिकन लेखकांची गोडी धाकट्या डेव्हिडला त्यानेच लावली होती. पुढे स्किझोफ्रेनियाने त्याला गाठले आणि आयुष्याची कितीतरी वर्षे मनोरुग्णालयात गेली. आपण गेलो तर वार्ताहरांची झुंबड उडेल आणि भावाच्या निरोपाचा तमाशा होईल, म्हणून बोवी स्वतः गेला नाही. त्याने फुले धाडली आणि सोबत एक चिठ्ठी. तू जे पाहिलेस त्याची आम्हाला कल्पनाही करता येणार नाही, पण ते सगळे क्षण पावसात धुऊन जाणाऱ्या अश्रूंसारखे हरवून जातील, असा तिचा आशय होता.

हे शब्द बोवीचे नव्हते. अडीच वर्षांपूर्वी येऊन पडलेल्या एका विज्ञानपटातून त्याने ते घेतले होते. शेकडो गाणी लिहिलेल्या माणसाला आपल्या भावाला निरोप देताना एका कृत्रिम माणसाच्या तोंडचे वाक्य जवळचे वाटले, यातच त्या वाक्याची ताकद दिसते.

चित्रपट होता रिडली स्कॉटचा ‘ब्लेड रनर’. २५ जून १९८२ रोजी तो अमेरिकेत झळकला. काळ २०१९ चा नोव्हेंबर, शहर लॉस एंजेलिस. आभाळ सतत गळते, रस्त्यांवर निऑनचे दिवे आणि धूर. परग्रहांवरच्या वसाहतींत राबवण्यासाठी माणसाने आपल्यासारखेच दिसणारे जीव तयार केले आहेत. त्यांना रेप्लिकंट म्हणतात. ताकद आणि बुद्धी भरपूर, आयुष्य मात्र चारच वर्षांचे, तेही मुद्दाम ठरवून दिलेले. अशा काही बंडखोरांचा म्होरक्या रॉय बॅटी आयुष्य वाढवून मागायला पृथ्वीवर परत येतो, आणि त्यांना हुडकून मारायचे काम असलेला डेकार्ड त्यांच्या मागावर असतो. बॅटीची भूमिका डच नट रुटगर हाउअरने केली, डेकार्डची हॅरिसन फोर्डने.

शेवटी फासे उलटे पडतात. शिकारी जीव मुठीत धरून पळतो आणि बॅटी त्याचा पाठलाग करतो. चार वर्षे भरत आल्याने बॅटीचा हात आखडू लागलेला असतो. तो जागा राहावा म्हणून बॅटी स्वतःच्या तळव्यातून खिळा आरपार घालतो. डेकार्ड एका गच्चीच्या कडेला लोंबकळतो, बोटे निसटतात, आणि ऐन क्षणी बॅटी त्याच खिळा ठोकलेल्या हाताने त्याचे मनगट पकडून त्याला वर ओढतो. मग समोर बसतो. अंगात फक्त चड्डी, हातात एक पांढरे कबुतर, डोक्यावर धो धो पाऊस. आणि बोलतो. तुम्हा माणसांना खरे वाटणार नाही अशा गोष्टी मी पाहिल्या आहेत. मृगाच्या खांद्यापाशी पेटलेली लढाऊ जहाजे, टानहॉयझरच्या दारापाशी अंधारात चमचमणारे सी-किरण. हे सगळे क्षण काळात हरवतील, पावसातल्या अश्रूंसारखे. मरायची वेळ झाली. एवढे बोलून तो मान टाकतो.

मूळ इंग्रजीत हे अवघे बेचाळीस शब्द आहेत.

अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००५ मध्ये अमेरिकन चित्रपटांतल्या शंभर संस्मरणीय वाक्यांची यादी केली. तिच्यात ‘स्टार वॉर्स’मधला ‘फोर्स’चा आशीर्वाद आठवा आला, ‘टर्मिनेटर’मधले परत येण्याचे आश्वासन सदतिसावे. ‘ब्लेड रनर’चे त्या यादीत नावही नाही. यादीतल्या पुष्कळ वाक्यांचा एक गुण असा की ती रोजच्या बोलण्यात सहज खपतात. घरातून निघताना, कुणाची थट्टा करताना, खेळाच्या मैदानावर. बॅटीचे बोलणे असे कुठेही फेकता येत नाही. त्याला मरणाची वेळ लागते. म्हणून ते यादीत आले नसावे, आणि बोवीच्या चिठ्ठीत आले त्याचे कारणही तेच.

या बोलण्याभोवती एक दंतकथा तयार झाली आहे: कॅमेरा चालू झाला आणि हाउअरने हे सगळे तिथल्या तिथे, मनात येईल तसे म्हणून टाकले. चाहत्यांना ही गोष्ट फार प्रिय आहे. खरी हकीकत तिच्याहून चांगली आहे.

चित्रपट ज्या कादंबरीवर बेतला ती फिलिप के. डिकची, १९६८ मध्ये आलेली. तिच्यात या भाषणाचा मागमूस नाही. तिथला बॅटी बायको मारली गेल्यावर वेदनेने ओरडतो आणि पाठोपाठ डेकार्डच्या गोळीने संपतो. ना गच्ची, ना कबुतर, ना क्षमा. तिथे पाऊसही नाही. अणुयुद्धानंतरची धूळ आहे. पटकथेचे पहिले खर्डे हॅम्प्टन फँचरने लिहिले आणि नंतर डेव्हिड पीपल्सला बोलावण्यात आले. ‘रेप्लिकंट’ हा शब्द पीपल्सने आणला आणि तो त्याला त्याच्या मुलीशी बोलताना सुचला. ती जीवशास्त्राची विद्यार्थिनी होती.

मरणाऱ्या बॅटीने आपण काय काय पाहिले ते सांगावे, ही कल्पना पीपल्सची. त्याच्या मसुद्यात बॅटी बराच वेळ बोलतो. दूरच्या सीमा, काळ्या आकाशगंगांजवळ चालवलेली याने, केसांत भरलेला वारा, काडेपेटीतल्या काडीसारखा भुर्रकन जळून गेलेला लढाऊ ताफा. आता वाचताना त्यातल्या प्रतिमा सुंदर वाटतात, पण बोलणारा माणूस मरतो आहे हे त्या गर्दीत विसरायला होते. हाउअरला नेमके हेच खटकले. हे बोलणे ऑपेरातल्यासारखे झाले आहे आणि उरलेल्या चित्रपटाशी त्याचा धागा जुळत नाही, असे त्याचे मत पडले. चित्रीकरणाच्या आदल्या रात्री, स्कॉटला आधी न सांगता, त्याने मजकुरावर सुरी चालवली. जहाजे ठेवली, सी-किरण ठेवले, बाकीचे काढून टाकले आणि शेवटाला क्षण हरवण्याचे आणि पावसातल्या अश्रूंचे ते वाक्य स्वतःचे घातले. दुसऱ्या दिवशी ते बोलून झाल्यावर सेटवरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या; काहींचे डोळेही पाणावले. ‘ऑन द एज ऑफ ब्लेड रनर’ या २००० सालच्या ब्रिटिश माहितीपटात हाउअर, स्कॉट आणि पीपल्स या तिघांनीही श्रेय हाउअरला दिले. पटकथाकाराने असे मोकळ्या मनाने सांगावे, हे चित्रपटाच्या धंद्यात दुर्मीळ.

म्हणजे वाक्य एका झटक्यात उत्स्फूर्तपणे आले नाही. एकाने भरभरून लिहिले, दुसऱ्याने निर्दयपणे कापले आणि कापून झालेल्या रिकाम्या जागेत एकच गोष्ट ठेवली. चाहते नटाचे गोडवे गातात ते योग्यच आहे, पण ती दोन चित्रे पीपल्सची आहेत हे विसरले तर अर्धे श्रेय हरवते.

त्या दोन चित्रांकडे जरा जवळून पाहण्यासारखे आहे.

बॅटीच्या मूळ इंग्रजी वाक्यातला ओरायन म्हणजे आपले मृग नक्षत्र. लोकमान्य टिळकांनी वेदांचा काळ ठरवताना याच तारकासमूहाचा आधार घेतला आणि १८९३ मध्ये आपल्या इंग्रजी ग्रंथाला त्याचेच नाव दिले. ग्रीकांना तिथे शिकारी दिसला. आपल्याकडच्यांना हरीण दिसले, त्याच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण दिसला आणि तो मारणारा व्याध थोड्या अंतरावर. त्यामुळे ग्रीक शिकाऱ्याचा खांदा ज्या ताऱ्याने दाखवतात तो तांबूस तारा आपल्याकडे हरणाच्या पायाशी येतो. त्याला काक्षी म्हणतात. आर्द्रा नक्षत्राचा तारा म्हणूनही तो ओळखला जातो. योगायोग असा की ‘ब्लेड रनर’ प्रदर्शित झाला तेव्हा पंचांगाप्रमाणे सूर्य आर्द्रा नक्षत्रातच होता, म्हणजे आपल्याकडे ऐन पावसाचे दिवस.

काक्षी हा तांबडा महाराक्षसी तारा आहे. सूर्याच्या जागी ठेवला तर त्याचा पसारा मंगळाच्या कक्षेपलीकडे जाईल. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला पाचशेहून अधिक वर्षे लागतात. शिकाऱ्याचा दुसरा खांदा म्हणजे बेलाट्रिक्स. तो पृथ्वीवरून शेजारी दिसतो, पण प्रत्यक्षात काक्षीच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर आहे. तारकासमूह असे असतात: पृथ्वीवरून पाहणाऱ्याच्या नजरेनेच ते जुळतात. दूरच्या एखाद्या ताऱ्याभोवती फिरताना ना शिकारी दिसेल ना हरीण.

आता बॅटीचे बोलणे पुन्हा ऐकावे. जो जीव अंतराळात लढला, जळणारी जहाजे ज्याने डोळ्यांनी पाहिली, तो त्या ठिकाणाचा पत्ता पृथ्वीवरच्या माणसाच्या भाषेत देतो. समोर भिजून थरथरणाऱ्या डेकार्डला कळावे म्हणून. हिशेबाला बसणाऱ्या चाहत्यांनी इथे एक प्रश्न विचारला आहे. चित्रपटातल्या नोंदीनुसार बॅटी ८ जानेवारी २०१६ रोजी तयार झाला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये मेला. चार वर्षेही पुरती न मिळालेला जीव शेकडो प्रकाशवर्षांवर जाऊन परत कसा आला? प्रकाशाच्या वेगाने गेला तरी जमणारे नाही. कुणी म्हणते त्या जगात प्रकाशाहून वेगवान याने असतील; कुणी म्हणते की लढाई आपल्याच सूर्याच्या आसपास झाली आणि मागच्या आकाशात तो खांदा दिसत होता. चित्रपट यावर काही बोलत नाही.

सी-किरणांचेही तेच. भौतिकशास्त्रात प्रकाशाच्या वेगासाठी ‘सी’ हे अक्षर वापरतात, म्हणून कुणी त्याचा संबंध तिकडे जोडतो, तर कुणी ते एखादे शस्त्र मानतो. टानहॉयझर हे नाव मात्र कुठून आले ते स्पष्ट आहे. तो मध्ययुगीन जर्मन कवी, आणि त्याच्याभोवतीच्या आख्यायिकेवर रिचर्ड वॅग्नरने ऑपेरा रचली. तिचा पहिला प्रयोग १८४५ मध्ये ड्रेस्डेनला झाला. कथेतला टानहॉयझर पापाची क्षमा मागायला रोमला पायी जातो आणि पोप ती नाकारतो. माझ्या हातातल्या काठीला पालवी फुटेल तेव्हाच तुला क्षमा, असे सांगून. बॅटीही आपल्या निर्मात्यापुढे, टायरेलपुढे, जातो, आपण वाईट कृत्ये केल्याची कबुली देतो आणि रिकाम्या हाती परततो. वॅग्नरची काठी शेवटी पालवते. बॅटीच्या वाट्याला तसे काही येत नाही. क्षमा करणारा तो स्वतःच ठरतो. हे साम्य पीपल्सच्या मनात होते असे म्हणायला आधार नाही, पण एकदा दिसले की ते डोळ्यांपुढून हलत नाही.

या दोन नावांचा खुलासा चित्रपटाने केला असता तर काय झाले असते? एखाद्या पात्राने आधी कुठेतरी त्या लढाईचा तपशील सांगितला असता, पडद्यावर जळणारी जहाजे दाखवली असती? मग प्रेक्षकाने ती पाहिलेली असती आणि बॅटीबरोबर हरवण्यासारखे काही उरले नसते. गच्चीवर आपल्याला हळहळ वाटते ती नेमकी यामुळे की ते दृश्य त्या एकट्याने पाहिले आहे. त्याच्या डोळ्यांखेरीज त्याची दुसरी नोंद कुठेच नाही.

आणि डोळे तर या चित्रपटात पहिल्यापासून आहेत. सुरुवातीलाच आगीचे लोळ ओकणारे शहर एका मोठ्या डोळ्याच्या बुबुळात उमटलेले दिसते. पुढे बॅटी गोठलेल्या प्रयोगशाळेत रेप्लिकंटांचे डोळे बनवणाऱ्या म्हाताऱ्या च्यूला गाठतो. तुझ्या डोळ्यांनी मी जे पाहिले ते तुला पाहता आले असते तर, असे त्याला ऐकवतो. तेव्हा ती धमकी वाटते. शेवटच्या भाषणातले ‘मी पाहिले’ त्या धमकीचा पुढचा भाग आहे, फक्त आता आवाजातला विखार गेलेला आहे. हाउअरची कात्री बरोबर कुठे चालली ते इथे लक्षात येते. ज्या भाषणाचा चित्रपटाशी धागा जुळत नव्हता, त्यात पाहणे तेवढे ठेवल्यावर तो आपोआप जुळला.

स्मृतीचा धागाही असाच. मानसशास्त्रज्ञ एंडेल टल्व्हिंगने १९७२ मध्ये स्मृतीचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. जगाविषयीची माहिती हा एक, आणि स्वतःवर गुजरलेले प्रसंग हा दुसरा. पॅरिस ही फ्रान्सची राजधानी हे कोणालाही सांगता येते. पॅरिसच्या एखाद्या गल्लीत आपण भिजलो ते मात्र आपले आपल्यालाच आठवते. ‘ब्लेड रनर’मधल्या रेचेल या रेप्लिकंटला बालपणीचे प्रसंग आठवतात, पण ते टायरेलच्या पुतणीचे आहेत, तिच्या मेंदूत भरलेले. बॅटीने सांगितलेले प्रसंग अस्सल, त्याने कमावलेले. यंत्र की माणूस या प्रश्नाला चित्रपट उपकरणांनी, प्रश्नावल्यांनी उत्तर शोधत राहतो, आणि मरणारा बॅटी दोन आठवणी सांगून तो प्रश्न निकालात काढतो.

राहिला पाऊस. चित्रपटाचा बराच भाग स्टुडिओच्या आवारातल्या जुन्या रस्त्यावर रात्री चित्रित झाला. पाऊस, धूर आणि अंधार यांमुळे त्या सेटच्या उणिवा झाकल्या जात. म्हणजे ज्या पावसाची गरज तंत्राची होती, त्याचा हाउअरने अर्थ करून टाकला. त्याच्या चेहऱ्यावरून पाणी ओघळत असते आणि त्यात अश्रू किती, पावसाचे किती, हे पाहणाऱ्याला कळत नाही. उपमा उच्चारली जाते तेव्हा ती पडद्यावर आधीपासून चालूच असते. अशी उपमा पुस्तकात नुसती वाचून हा परिणाम होणार नाही.

कबुतराने मात्र दगा दिला. बॅटी मरतो, हात सुटतो आणि पक्षी वर झेपावतो असे दृश्य हवे होते. पण पक्षी इतका चिंब झाला होता की तो उडेचना. शेवटी उडणारे कबुतर वेगळे चित्रित करून जोडावे लागले, आणि १९८२ च्या प्रतीत ते पावसाळी रात्रीतून एकदम निळ्या, निरभ्र आकाशात जाताना दिसते. पंचवीस वर्षांनी, २००७ च्या ‘फायनल कट’मध्ये, स्कॉटने तिथले आकाश बदलून चूक सुधारली.

त्याहून मोठी चूक निवेदनाची होती. डेन्व्हर आणि डॅलसच्या चाचणी खेळांत प्रेक्षक गोंधळले, म्हणून निर्मात्यांनी डेकार्डच्या आवाजात निवेदन घालायला लावले. परिणामी बॅटीने मान टाकल्यावर, व्हँजेलिसचे संगीत हळूहळू भरून येत असताना, फोर्डचा आवाज त्याने मला का वाचवले असेल याची चर्चा सुरू करतो. पहिल्या प्रेक्षकांनी हे भाषण असे ऐकले! १९९२ च्या ‘डायरेक्टर्स कट’मधून निवेदन गेले आणि डेकार्ड गप्प राहून नुसता पाहत राहिला. बहुतेकांच्या मनात आज जो प्रसंग कोरला गेला आहे तो या दुसऱ्या रूपातला.

पहिल्या फेरीत चित्रपट चालला नव्हता. दोन आठवडे आधी आलेल्या स्पीलबर्गच्या ‘ई.टी.’ने सगळी गर्दी ओढून घेतली होती. पण व्हिडिओ कॅसेटने त्याला नवा प्रेक्षक दिला आणि १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात त्याची निवड झाली. बॅटीचे शब्द तोवर चित्रपटाबाहेर पडले होते. पीपल्सने लिहिलेल्या ‘सोल्जर’ या १९९८ च्या चित्रपटात कर्ट रसेलने केलेल्या सैनिकाच्या लढायांच्या यादीत टानहॉयझरचे दार आणि ओरायनचा खांदा दोन्ही आहेत. स्पॅनिश लेखिका रोझा मोंतेरोने २०११ मध्ये रेप्लिकंट नायिकेची कादंबरी लिहिली आणि तिला पावसातल्या अश्रूंचेच नाव दिले. २०१७ च्या ‘ब्लेड रनर २०४९’मध्ये दिग्दर्शक डेनी व्हिलनव्हने नायकाच्या अखेरच्या प्रसंगी शब्द घेतलेच नाहीत, बॅटीच्या मृत्यूची जुनी सुरावट तेवढी घेतली. याच चित्रपटातल्या एका भूमिकेसाठी व्हिलनव्हच्या मनात आधी बोवी होता. बोवीचा वाढदिवस ८ जानेवारीचा, म्हणजे बॅटी ज्या तारखेला घडवला गेला तीच तारीख. २०१६ च्या त्या दिवशी बोवीचा शेवटचा अल्बम आला आणि दोन दिवसांनी तो गेला.

हाउअर १९ जुलै २०१९ रोजी गेला, पंचाहत्तराव्या वर्षी. बॅटी पडद्यावर ज्या वर्षी मरतो त्याच वर्षी. त्यानंतर काही महिन्यांतच काक्षी अचानक मंद होऊ लागला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत इतका निस्तेज झाला की नुसत्या डोळ्यांनीही फरक जाणवे. ताऱ्याने स्वतःच बाहेर फेकलेल्या द्रव्याची धूळ होऊन ती आड आली होती, असे पुढे निरीक्षणांतून निघाले; काही महिन्यांत तो पूर्ववत झाला. हाउअरने मात्र त्या बेचाळीस शब्दांची परतफेड जिवंतपणीच केली होती. २००७ मध्ये आलेल्या आत्मचरित्राला त्याने ‘ऑल दोज मोमेंट्स’ असे नाव दिले आणि पुस्तकाचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी स्वतः काढलेल्या ‘स्टारफिश’ या संस्थेला देऊन टाकले.